धूर आधी जवळच्याला लागतो

राजोडीला लोक हवेसाठी येतात. शनिवार-रविवारी नालासोपाऱ्याहून भरलेल्या रिक्षा आणि मोटारी सुरूच्या बनाशी थांबतात, माणसे वाळूवर उतरतात आणि समुद्राकडे तोंड करून छातीभर श्वास घेतात. दुपार टळल्यावर पश्चिमेचे खारे वारे सुटलेले असतात, तेव्हा त्या श्वासात तक्रार करण्यासारखे फारसे काही नसते. कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा या सगळ्या किनाऱ्याला मिळालेली ही रोजची सफाई आहे. पाहुणे परतल्यावर, थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे, याच गावात जी हवा असते तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. हे पुस्तक तिच्याबद्दल आहे.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते. जमिनीलगतची गार हवा जड होऊन हळूहळू समुद्राकडे सरकते. हाच मतलई वारा. तो पूर्वेकडून येतो आणि पूर्वेला जे जे जळत असते ते घेऊन येतो : मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या ट्रकांचे डिझेल, महामार्गापलीकडच्या वीटभट्ट्या, गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर धुमसणारे ढीग, नालासोपारा-विरारच्या गल्ल्यांत झाडलोट झाल्यावर पेटवलेला केरकचरा. थंडीच्या रात्री वरच्या अंगाला उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे खालचा धूर वर जाऊ शकत नाही. तो वाड्यांतून, केळींच्या बागांतून, घरांच्या पडव्यांतून रेंगाळत राहतो. ऊन चांगले तापेपर्यंत सुटका नाही. दुपारी वारा उलटला की समुद्रावर गेलेल्या धुरातला काही भाग पुन्हा किनाऱ्यावरही येतो.

पण पूर्वेकडे बोट दाखवून थांबलो तर अर्धी गोष्ट निसटते. जळणातून निघणाऱ्या धुराचा एक साधा नियम आहे आणि पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच्याच आधाराने लिहिले आहे. धूर किती निघाला याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो कोणाच्या नाकापासून किती अंतरावर निघाला याला महत्त्व असते. उंच धुराड्यातून निघालेला एक ग्रॅम धूर वाऱ्यावर पसरत पातळ होतो. न्हाणीच्या चुलीतला तेवढाच धूर, समोर फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत कितीतरी पटींनी अधिक शिरतो. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्यभर हाच हिशोब मांडला आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या गुजरातेत झाली. तिथल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासापाशी हवा गोळा करून त्यांनी कण मोजले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चूल पेटलेली असताना दर घनमीटर हवेत सरासरी सात मिलिग्रॅमच्या आसपास कण आढळले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे शहर, गिरणी आणि मोटार असेच जग धरून चालले होते.

त्याच्याही बरेच आधी, १९५९ साली, दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात १२७ रुग्णांचा अभ्यास मांडला होता. फुप्फुसे निकामी होत गेल्याने हृदयाची उजवी बाजू खचते, असा तो आजार. विडी-सिगारेटला न शिवलेल्या बायकांमध्येही तो इतका का आढळतो, याचे उत्तर शोधताना पद्मावतींनी घरातल्या चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले. भारतातल्या एका स्त्री डॉक्टरने हे इतक्या लवकर सांगितले होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. आणि ते सांगितल्यावरही गॅसजोडणीची ‘उज्ज्वला’ योजना यायला २०१६ साल उजाडले, हे विसरताही कामा नये.

आता थोडे कणांविषयी. लाकूड जळते म्हणजे आधी ते तापते आणि त्यातून वायू बाहेर पडतात. आपल्याला ज्योत दिसते ती या वायूंची. उष्णता आणि हवा पुरेशी मिळाली तर ते जवळजवळ पूर्ण जळतात. लाकूड ओले असेल, चूल खच्चून भरली असेल, खालून हवा शिरायला वाट नसेल, तर जळायचे राहिलेले वायू गार होऊन चिकट थेंब बनतात आणि त्यांच्याबरोबर काजळीचे कण उठतात. डोळ्यांना झोंबतो तो धूर म्हणजे बहुतांशी वाया गेलेले सरपणच. यातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. नाक आणि घसा जाड धूळ अडवतात. हे कण मात्र वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून धुराचे दुखणे खोकल्यावर थांबत नाही. दमा, फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा विकार, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे, मोतीबिंदू, इतकी त्याची व्याप्ती आहे. बाहेरच्या हवेचे प्रदूषण आणि त्यातले कण कर्करोगाला कारण होतात, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली दिला.

समुद्रकाठच्या वाचकासाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या हवेत मिठाचेही कण असतात. ते बहुतांशी जाड असतात आणि पीएम १० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, मोजणीत दिसतात. तेव्हा किनाऱ्यालगतचा पीएम १० चा आकडा चढलेला दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. जळणाचा माग काढायचा असेल तर पीएम २.५ पाहावा. वसई पश्चिमेला सरकारी मोजणी केंद्र आहे, त्याचे आकडे कोणालाही पाहता येतात. भारतीय मानकाप्रमाणे, जे २००९ साली ठरले, पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे कागदोपत्री ‘समाधानकारक’ ठरलेली हवासुद्धा त्यांच्या मर्यादेच्या आठपट असू शकते.

राजोडीत आणि आसपासच्या वाड्यांत स्वयंपाक गॅसवर गेला त्याला बरीच वर्षे झाली. तरीही कितीतरी घरांच्या मागे, न्हाणीला लागून, पाण्याची चूल राहिली. ती का राहिली हे समजून घेतल्याशिवाय तिच्याविरुद्ध बोलण्याचा कोणाला अधिकार नाही. माडाच्या झावळ्या, पोया, करवंट्या, सुरूची फाटी, वाडीतला पाचोळा हे सगळे दारात पडते आणि फुकट असते. सिलिंडरला पैसे पडतात. घरात सात-आठ माणसे असली तर आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे परवडत नाही. शिवाय झावळ्या जाळल्या की वाडी झाडून स्वच्छ होते, एका कामात दुसरे काम उरकते. हा हिशोब घरातल्या बाईने केलेला असतो आणि पैशांपुरता तो बरोबरच असतो. त्यात एकच खर्च धरलेला नसतो, आणि तो तिच्याच छातीतून वसूल होतो. ही चूल पेटते पहाटे, हवेवरचे झाकण सर्वांत घट्ट असते त्या वेळी. पेटवण म्हणून दुधाची रिकामी पिशवी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा वापरला तर धूर आणखी विषारी होतो. दहा घरांच्या दहा चुली मिळून जो धूर होतो तो दहाही घरांतली म्हातारी माणसे आणि शाळेला निघालेली मुले घेतात.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. किनाऱ्यावर ऊन भरपूर आहे. सौर बंब बसवता येतो. पहाटेपर्यंत त्यातले पाणी कोमट होते, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. बंब घेताना टाकीचे आवरण चांगले जाड आहे ना, हे पाहिले तर ती बरीच दूर होते. ज्यांना चूल सोडणे आज शक्य नाही त्यांनी झावळ्या पुरत्या वाळवून, बारीक तोडून, थोड्या थोड्या घातल्या आणि चुलीच्या बुडाशी हवेला वाट ठेवली तरी धूर डोळ्यांना दिसेल इतका घटतो. पुण्यात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे सुधारित चुलींवर बरीच वर्षे काम करत आहेत. डॉ. आनंद कर्वे यांनी उभी केलेली ‘आरती’ ही संस्था घरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ साली ब्रिटनच्या अॅश्डेन पुरस्काराची मानकरी ठरली. मराठी माणसांच्या या कामाला मराठी गावांतून अधिक मागणी यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. पाचोळ्याचे म्हणाल तर त्याला वाडीत मान आहे. केळीच्या बुंध्याशी पसरला तर तो ओल धरतो आणि कुजून खत होतो. जाळला तर उरते फक्त मूठभर राख.

संध्याकाळचा धूर वेगळा. डास घालवण्यासाठी अंगणात कडुनिंबाचा पाला पेटवतात, आणि खोलीत कॉइल लागते. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे एक कॉइल पुरती जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ सोडते. बंद खिडक्यांच्या खोलीत, झोपलेल्या मुलाच्या उशापाशी. मच्छरदाणीला पर्याय नाही असे माझे स्पष्ट मत आहे आणि या पुस्तकात ते पुन्हा पुन्हा येईल.

राबाविषयी लिहिताना हात थोडा जड होतो. पालघर, ठाणे, रायगडातल्या भातशेतकऱ्याने उन्हाळ्यात राब भाजायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रोपे जिथे टाकायची त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि वर माती असे थर देऊन तो संथ जाळायचा. त्याने तणाचे बी मरते, किडीला आळा बसतो, राखेतून पालाश मिळतो आणि रोप जोमदार येते. शेतकऱ्याचे हे शहाणपण खोटे नाही. पण तो संथ, मातीखाली कोंडलेला जाळ भरपूर धूर करतो आणि त्यासाठी झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात. राब न भाजता भात होऊ शकतो का, याचे उत्तर आपल्याच भागात मिळालेले आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात. रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख मिसळून सिलिका आणि पालाश दिले जाते. दोन्ही पद्धती कोकणातल्या शेतकऱ्यांनी करून पाहिल्या आहेत. राब भाजणाऱ्याला दंडाची भीती घालण्यापेक्षा या शेतांवर घेऊन जाणे अधिक उपयोगाचे आहे.

वीटभट्ट्यांचे प्रकरण मात्र मी रागानेच लिहिले आहे. वसई, भिवंडी, वाडा या पट्ट्यात दिवाळीनंतर भट्ट्या लागतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात. कच्च्या विटांच्या थरांत कोळशाची भुकटी, भाताचे तूस, लाकूड भरून आतून पेटवतात. नालासोपारा-विरारच्या इमारती याच विटांवर उभ्या राहिल्या. तिथे काम करणारी कातकरी आणि वारली कुटुंबे जव्हार-मोखाड्याच्या बाजूने येतात आणि भट्टीच्या अगदी कडेला भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, राहतात. त्यांच्या मुलांसाठी विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने भोंगा शाळा काढल्या, तेव्हा शहरातल्या अनेकांना भोंगा म्हणजे काय हे प्रथम कळले. तिथे शिकणारे मूल रोज किती धूर घेते, हे कोणत्याही शासकीय केंद्राच्या आकड्यात उमटत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये वीटभट्ट्यांच्या धुराड्यातून निघणाऱ्या कणांवर मर्यादा घातली आणि झिगझॅग पद्धतीकडे वळायला सांगितले. पण उघड्या भट्टीला धुराडेच नसते. ज्याच्या नाकाशी धूर सर्वांत जवळ, त्याच्यापासून कायदा सर्वांत दूर, ही परिस्थिती बदलली पाहिजे.

कायदा पोचतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथे ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र उभे राहिले, तेव्हा चिकूच्या बागायतदारांना आणि कोळ्यांना धास्ती वाटणे साहजिक होते. नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने धुरातला गंधक काढून घेणारे संयंत्र बसवण्याचा आग्रह वर्षानुवर्षे सोडला नाही. २००७ साली ते सुरू झाले. कोळशातल्या गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचेच पुढे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, म्हणून हे संयंत्र कणांच्या प्रश्नातही महत्त्वाचे. देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने या संयंत्राच्या सक्तीतून सूट दिली. डहाणूत जे त्याच्या अठरा वर्षे आधी झाले ते इतरत्र आवश्यक नाही, हा निर्णय मला पटत नाही.

शहराचा भाग मी थोडक्यात आटोपला आहे, कारण त्यावर वर्तमानपत्रे रोज लिहितात. मुंबई इलाख्यात धुराविरुद्धचा कायदा १९१२ साली झाला. तेव्हा नजर गिरण्यांच्या धुराड्यांवर होती. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मधल्या पाच दिवसांच्या धुरक्याने हजारो माणसे गेली आणि १९५६ साली तिथे घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांनाही आवर घालणारा कायदा झाला. आपल्याकडे उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. पैसेही आले. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठी निधी दिला, त्यात वसई-विरार आहे. मात्र राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा देशभरातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला, असे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ साली दाखवून दिले. धूळ झाडणे आणि पाणी मारणे दिसायला सोपे असते. जळणाला हात घालायचा म्हणजे लोकांच्या घरात, शेतात आणि रोजगारात शिरावे लागते.

वसईने पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी मोठे लढे दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती महाराष्ट्राला माहीत आहे. विहिरी खाऱ्या होत असताना, टँकर पाणी उपसून नेत असताना, लोक रस्त्यावर उतरले, कारण विहिरीचा तळ डोळ्यांना दिसत होता. हवेसाठी तसे कोणी उतरले नाही. २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे : १९९० पासून घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी घटला. गॅस पोचला तिथे माणसे वाचली. बाहेरच्या हवेतल्या कणांनी होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र त्याच काळात दुपटीहून अधिक झाला.

पुस्तकाचा क्रम मुद्दाम घरातून बाहेर असा ठेवला आहे : आधी चूल आणि कॉइल, मग वाडी आणि शेत, मग भट्टी, महामार्ग आणि शेवटी वीज केंद्र. वाचकांना एकच विनंती आहे. पुढचे पान उलटण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात आपल्या घरात, अंगणात आणि आळीत काय काय जळले, किती वाजता जळले आणि त्या वेळी जवळ कोण होते, एवढे लिहून काढा. ग्रामसभेत, वॉर्डात किंवा शाळेत हा विषय काढाल तेव्हा तोच कागद सोबत न्या.